नारळाची वाट

वाशीहून बेलापूरकडे जाणारा साधारण दहा किलोमीटरचा पामबीच मार्ग नवी मुंबईने मिरवण्यासाठीच बांधल्यासारखा आहे. एका अंगाला उंच इमारती, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि तिच्या पलीकडे ठाणे खाडी. घाई असो वा नसो, इथे सगळेच भरधाव जातात. श्रावणातल्या पौर्णिमेला मात्र नेरुळच्या हद्दीत ही रहदारी अडते, कारण सारसोळ्याची पालखी रस्ता ओलांडत असते. पालखीत सोनेरी वेष्टनातला नारळ, पुढे वाजंत्री, आजूबाजूला ठेवणीतली लुगडी नेसून दागिने घातलेल्या बायका, डोक्याला रुमाल बांधलेले पुरुष आणि मोबाइल उंच धरून नाचणारी पोरं. पलीकडे जेट्टी आहे. जेट्टीखाली गाळ, खोडाखोडांतून वाट काढणारी पाण्याची चिंचोळी पट्टी आणि मग खाडी.

गाडीत बसून हॉर्न वाजवणाऱ्याच्या लेखी ती एक मिरवणूक असते, गणपतीआधीची. पण गावातून पाण्याकडे जाणारी ही वाट पामबीच मार्गाहून पुष्कळ जुनी आहे. रस्ता तिला आडवा आला, ती रस्त्याला आडवी गेलेली नाही.

सारसोळे आज नेरुळच्या सेक्टर सहामध्ये आहे असं सांगावं लागतं. खरं तर सेक्टर सहा सारसोळ्याच्या शिवारात आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि त्यानंतर ठाणे व तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी या तिन्हींवर जगणारी ही आगरी-कोळ्यांची गावं. नकाशावर गावठाणाभोवती रेघ ओढली गेली आणि रेघेबाहेरचं सगळं सेक्टर झालं. त्यामुळे आजही नेरुळमध्ये सरळ रेषेतले रस्ते आणि एकसारख्या सोसायट्या ओलांडता ओलांडता माणूस अचानक अरुंद गल्लीत शिरतो. तिथे घरं एकमेकांना खेटलेली असतात आणि कुठल्यातरी दारात सुकटीचा वास येतो. तिथून गाव सुरू होतं.

जमिनीचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन पेटलं. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या रक्तातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव मिळावं म्हणून २०२१ मध्ये हीच गावं पुन्हा रस्त्यावर उतरली. जमिनीचा हिशेब अपुरा असेल, वादाचा असेल, पण मांडता तरी येतो. तिचा सातबारा असतो, गट नंबर असतो, शेजारच्या बांधाची साक्ष असते.

खाडीचा सातबारा नसतो. ज्या पाण्यात आजोबांनी पाग टाकला, वडिलांनी जाळं लावलं, चुलतीने गुडघाभर चिखलात उतरून निवट्या आणि कालवं काढली, त्या पाण्यावर कुणाचं नाव कुठल्याही तलाठ्याच्या दप्तरात नाही. कुठल्या गावाने कुठे जाळं लावायचं हे गावागावांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं, पण ते कागदावर नाही. म्हणून खाडीवर पूल आला, भराव पडला, रासायनिक पाणी आलं, तेव्हा नुकसान झालं हे सिद्ध करायला कोळ्याच्या हाती काहीच नव्हतं. वाशीच्या खाडीवर तिसरा पूल उभा राहू लागला, तेव्हा मरिआई मच्छीमार सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने बाधित मच्छीमारांच्या बाजूने कौल दिला आणि अशा प्रकल्पांसाठी भरपाईचं धोरण ठरवायला सरकारला सांगितलं. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये सुरू झाला होता. म्हणजे पाण्यावर जगणाऱ्याचाही काही हक्क असतो हे नीट शब्दांत येईपर्यंत जवळपास अर्धं शतक गेलं.

या पार्श्वभूमीवर नारळी पौर्णिमेकडे पाहिलं की ती निराळी दिसू लागते. दर्याला नारळ वाहणं ही श्रद्धा आहेच, त्यात शंका घ्यायचं कारण नाही. पण ज्याचा कागद नाही त्या पाण्याशी गावाने वर्षातून एकदा चारचौघांत, वाजतगाजत, पोलिसांच्या साक्षीने नातं सांगणं, हेही त्यात घडतं. सातबारा नसला म्हणून काय झालं, पंचनामा दरवर्षी होतो.

सण याच पौर्णिमेला का, याचं उत्तर हवेत आणि पाण्यात आहे. आषाढात अरबी समुद्रावर नैर्ऋत्येचा वारा भरात असतो. शिडाची होडी त्यात टिकत नाही. यंत्राची बोटही टिकेलच असं नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. देशाला स्वातंत्र्य मिळायला महिनासुद्धा उरला नव्हता. अलिबाग-रेवसच्या पट्ट्यातल्या जुन्या घरांत अजूनही त्या गटारीचा विषय निघाला की बोलणं मंदावतं. वाचलेल्यांपैकी अनेकांना कोळ्यांच्या होड्यांनी काठाला लावलं होतं. आषाढातली अमावास्या ते श्रावणातली पौर्णिमा हे अंतर पंचांगात पंधरा दिवसांचं, पण दर्याच्या स्वभावात त्या दिवसांत मोठा फरक पडू लागतो. वाऱ्याचा जोर उतरणीला लागतो, पावसात उघडीप येते आणि पाणी होडीला सोसण्याजोगं होतं. नारळ हा त्या बदलाला दिलेला मान.

पौर्णिमेचं आणि पाण्याचं गणितही कोळ्याच्या तोंडावर असतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठ, त्याचे पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. पौर्णिमेचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. मुंबई बंदरात प्रत्यक्ष भरती याहून थोडी उशिरा, बाराच्या आसपास लागते आणि खाडीत आत यायला तिला आणखी थोडा वेळ लागतो. घड्याळ आणि भरतीचं छापील कोष्टक नव्हतं तेव्हापासूनचा हा हिशेब आजही चालतो, कारण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तास त्याच्या बराच जवळ जातो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच उधाणाच्या तारखा मुंबई महापालिका आधीच जाहीर करते त्या शहरात पाणी तुंबेल या धास्तीने. कोळीवाड्यात त्याच तारखा वेगळ्या कारणासाठी बघितल्या जातात.

यातून एक गंमत होते. पौर्णिमेला भरती दुपारी, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या पुढेमागे. मिरवणूक रेंगाळत रेंगाळत जेट्टीवर पोहोचते तेव्हा पाणी बरंच उतरलेलं असतं आणि पुढ्यात गाळ चकाकत असतो. शहरातून हौसेने आलेल्या छायाचित्रकाराची थोडी निराशा होते. लाटा नाहीत, फेस नाही. पण ओहोटीच्या धारेला लागलेला नारळ खाडीच्या तोंडाकडे, दर्याकडे जातो. भरतीत सोडला तर तो खारफुटीच्या मुळांत येऊन अडकेल. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या झगमगीत नारळी पौर्णिमा पाहिलेल्यांना सारसोळ्याचा देखावा साधा वाटेल. खाडीकाठचा सण असाच असायचा.

आता सरकारचं वेळापत्रक. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पावसाळी बंदी पूर्वी १० जूनला सुरू व्हायची आणि नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जे आधी येईल त्या दिवशी संपायची. कायद्याच्या भाषेत पंचांगातली तिथी आणि स्वातंत्र्यदिन शेजारी बसल्याचं हे दुर्मीळ उदाहरण म्हणायला हवं. कुणा अधिकाऱ्याने केलं असेल ते शहाणपणाचं होतं. पुढे देशभर एकसूत्रता आली आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरली. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून असते. परिणामी सणाचा आणि होड्या बाहेर पडण्याचा सांधा निखळला. नारळी पौर्णिमा २०२५ मध्ये ८ ऑगस्टला होती, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे ती थेट ३० ऑगस्टला आली. त्या वर्षी नारळ पाण्यात पडला तेव्हा यांत्रिक बोटी महिनाभर मासे धरत होत्या. म्हणूनच बंदी वाढवून ती निदान नारळी पौर्णिमेपर्यंत न्यावी, अशी मागणी मच्छीमार संघटनांकडून वेळोवेळी होते. पावसाळा हा पुष्कळ माशांचा अंडी घालण्याचा आणि पिल्लं वाढण्याचा काळ. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाळ्यात येणारं पापलेट अनेकदा तळहाताएवढंही नसतं. परंपरेच्या बाजूने बोलायचं आणि माशाच्याही बाजूने बोलायचं, अशी संधी एकाच मागणीत क्वचित सापडते.

सारसोळ्याला ही बंदी तशी लांबची आहे, कारण ती यांत्रिक बोटींना लागू असते. खाडीत वल्ह्याने होडी हाकून पाग टाकणाऱ्याला, चिंबोऱ्या धरणाऱ्याला ती अडवत नाही. त्याचा पावसाळा अगदी कोरडा जात नाही. मग त्याच्यासाठी नारळी पौर्णिमा हंगामाचा आरंभ उरते का? खाडीकाठच्या गावांचा सण समुद्रकाठच्या गावांच्या सणाशी पूर्वीही नेमका जुळत नसणार. तरीही नारळ दर्याचा, मान दर्याचा. खाडी ही त्याचीच लेक.

घरातला सण घरासारखा. नारळी भात होतो, गुळाचा किंवा साखरेचा. ओल्या खोबऱ्याच्या करंज्या होतात. आदल्या संध्याकाळी घराघरांतून नारळ खरवडल्याचा आवाज येतो. होडी धुऊन रंगवली जाते, तिला हार-तुरे चढतात, पताका लागतात. आरती ओवाळतात त्या बायका. नाखवा पाण्यात जातो, पण मासळीचं बाजारातलं आयुष्य कोळणीच्या हातात असतं. भाव तीच करते, उधारी तिच्याच लक्षात राहते आणि बरकत आली-गेली ते तिलाच आधी कळतं. दर्यापुढे पदर पसरून धन्याच्या सुखरूप परतीचं आणि म्हावऱ्याच्या बरकतीचं मागणं तिने मागावं हे त्यामुळे रीतसर आहे. अलीकडे मिरवणुकीत डीजेच्या भिंती आल्या, एकसारख्या रंगाच्या साड्या ठरवून नेसल्या जाऊ लागल्या, ड्रोन उडू लागले. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत. गावातल्या ज्या मुलांनी होडीत पाय न ठेवता संगणकासमोर नोकरी धरली, ती याच एका दिवशी जेट्टीपर्यंत चालत येतात, हे डीजेच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही. कान मात्र दुखतात, हे खरं.

मालवणात याच दिवसाला वेगळा थाट असतो. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्यावरचा मानाचा नारळ आधी सागराला अर्पण होतो, मग मालवणच्या बंदरावर व्यापारी आणि नागरिक आपापले नारळ वाहतात. शिवकाळापासूनची परंपरा म्हणून ती सांगितली जाते. बंदरावर जत्रा भरते आणि नारळ लढवण्याची स्पर्धा लागते. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला. नारळ निवडणं हे त्यातलं कसब. मालवणात राजसत्तेचा नारळ पहिला, प्रजेचा नंतर. सारसोळ्यात राजाही नाही आणि किल्लाही नाही, त्यामुळे सगळा मान गावाच्या एका नारळाला.

नेरुळसारख्या उपनगरात एकाच पौर्णिमेची किती रूपं नांदतात, ते एखाद्या सोसायटीच्या जिन्यातून वर चढत गेलं तरी दिसतं. एका दारामागे तमिळ कुटुंबात आवणी अवित्तम म्हणून जानवं बदललं जात असतं. वरच्या मजल्यावर राखीपौर्णिमा. ओडिया घरात गम्हा पौर्णिमा, तिथे बलरामाची आणि गुराढोरांची पूजा. कुणाचा भाऊ अमरनाथला गेलेला असतो, तर ती यात्रा याच दिवशी संपते. या साऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर एक गाव नारळ घेऊन चाललेलं असतं आणि बऱ्याच जणांना ते रस्ता अडल्यावरच कळतं. शेजाऱ्याचा सण आवाजानेच कळावा, ही शहराची जुनी खोड.

ओडिशाचंच उदाहरण पुढे न्यायचं तर तिथला समुद्राचा सण श्रावणात नाही, कार्तिकात आहे. कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे ओडिया माणसं केळीच्या सोपटाच्या, कागदाच्या, शोला नावाच्या हलक्या भेंडाच्या छोट्या होड्या दिवा लावून पाण्यात सोडतात आणि कटकला महानदीकाठी बाली जत्रा भरते. कलिंगाचे साधव, म्हणजे दर्यावर्दी व्यापारी, बाली-जावाकडे निघायचे त्याची ही आठवण. कोळी श्रावणात निघतो आणि साधव कार्तिकात, कारण कोळ्याला खवळलेला दर्या शांत व्हायला हवा असतो, तर लांब पल्ल्याच्या व्यापाऱ्याला ईशान्येचा वारा पाठीशी लागतो. दोन्ही पौर्णिमा वाऱ्यानेच ठरवल्या.

समुद्राला काहीतरी देऊन त्याच्याशी व्यवहार करायची कल्पना जगात जिथे जिथे होड्या आहेत तिथे सापडते, पण देणाऱ्याचा हेतू दर ठिकाणी वेगळा. इटलीतल्या व्हेनिसचं उदाहरण सर्वांत बेधडक. तिथे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी प्रजासत्ताकाचा प्रमुख, त्याला डोज म्हणत, सोन्याने मढवलेल्या ‘बुचिन्तोरो’ नावाच्या राजनौकेतून लीडो बेटाजवळ समुद्राच्या तोंडाशी जायचा आणि पाण्यात अंगठी टाकायचा. समुद्राशी लग्न लावायचा. अंगठीची प्रथा ११७७ मध्ये पोप तिसऱ्या अलेक्झांडरपासून चालत आल्याचं व्हेनिसकर सांगत. हा प्रेमविवाह नव्हता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे लग्नात नवऱ्याला बायकोवर जो ताबा मिळे, तोच एड्रियाटिक समुद्रावर आम्हाला आहे, हे शेजारच्या राज्यांच्या वकिलांदेखत जाहीर करण्याचा तो सोहळा होता. १७९७ मध्ये नेपोलियनने प्रजासत्ताक मोडलं आणि पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी बुचिन्तोरोवरचं सोनं मिळवण्यासाठी तिला आग लावली. सोहळा आजही होतो. आता डोजच्या जागी शहराचा महापौर असतो आणि प्रेक्षकांत पर्यटक.

व्हेनिसने समुद्र आपला म्हटला तेव्हा त्यामागे आरमार होतं. ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरातल्या कोळ्यांमागे काही नव्हतं. रिओ व्हेर्मेल्यो या त्यांच्या वस्तीत १९२३ च्या सुमाराला मासळी मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी समुद्राची माता येमान्जा हिला भेटी न्यायचं ठरवलं. येमान्जा मूळची पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची देवता. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर ती अटलांटिक ओलांडून आली आणि मालकांच्या धर्माआड लपून टिकली. दर २ फेब्रुवारीला फुलं, आरसे, कंगवे, अत्तरं, बाहुल्या अशा भेटींच्या टोपल्या भरतात आणि कोळ्यांच्या होड्या त्या खोल पाण्यात नेऊन सोडतात. भेट बुडाली तर देवीने स्वीकारली, परत किनाऱ्याला लागली तर नाकारली. आज तो शहरातल्या सर्वांत मोठ्या सणांपैकी एक आहे. लाखोंची गर्दी होते आणि समुद्रात काच-प्लास्टिक टाकू नका, अशी विनवणी आता करावी लागते. मासळी घटली म्हणून सुरू झालेला सण, आणि त्याच्याच कचऱ्याची माशांना भीती! नारळाचं एक बरं आहे, तो कुजतो. त्याला गुंडाळलेल्या चमकत्या वेष्टनाचं काय, हा प्रश्न आपल्याकडेही विचारायला हवा.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्लॉस्टरमध्ये सिसिलीहून आलेल्या कोळ्यांनी १९२७ मध्ये संत पीटरचा उत्सव सुरू केला. जूनच्या शेवटी होड्यांना आशीर्वाद दिले जातात आणि तेल-चरबी माखलेल्या, पाण्यावर आडव्या धरलेल्या खांबावरून धावत जाऊन टोकाचा झेंडा काढायची स्पर्धा होते. मालवणच्या नारळ लढवण्याची ही सख्खी नसली तरी चुलत बहीण. त्याच बंदरावर समुद्रात गेलेल्या पाच हजारांहून अधिक कोळ्यांची नावं कोरलेली आहेत. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर तर मेलेला देवमासा वाहून आला की ज्याला तो पहिल्यांदा दिसतो, त्याने थोरल्या मुलासारखं सुतक पाळायचं असतं. हाडं देवळात ठेवतात. ग्लॉस्टरमध्ये कॉड मासा संपत आला, होड्या कमी झाल्या, उत्सव मात्र टिकला. हे सारसोळ्याने लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे.

कारण ठाणे खाडीतही तेच घडतंय. मुंबई बंदरापासून ठाण्यापर्यंत साधारण २६ किलोमीटर आत शिरलेली ही खाडी. तिच्या पूर्व काठाने साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला. त्यातून रसायनं आली, दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी आलं, पुलांच्या खांबांनी प्रवाह मंदावून गाळ साचला. जिताडा, बोय, कोळंबी, चिंबोरी, निवटी ही नावं ऐकूनच खाडीकाठच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. यातलं काय आणि किती मिळतं, हे विचारलं की उत्तरात हात हलतो. जिताडा घावला तर तो घरी शिजवायचा की हॉटेलला विकायचा, असा विचार करण्याइतका तो दुर्मीळ झाला आहे.

गाळ वाढला, खारफुटी वाढली आणि मग रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आले. खाडीतल्या पोषकद्रव्यांवर फोफावणाऱ्या शैवालासाठी ते हिवाळ्यात हजारोंनी उतरतात. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळालं. नवी मुंबईने स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेतलं, चौकाचौकांत गुलाबी पुतळे बसले. खाडीला अखेर कागद मिळाला, पण तो पाहुण्या पक्ष्याच्या नावाचा. यात पक्ष्यांचा दोष नाही, आणि अभयारण्यामुळे उरलेली खारफुटी वाचायला मदत होते हे कोळ्यांनाही मान्य असतं, कारण माशाची पिल्लं तिच्याच मुळांत वाढतात. तरी एखाद्या चौकात गुलाबी पक्ष्याशेजारी होडी आणि पाग असलेला कोळीही उभा केला असता, तर काही बिघडलं नसतं.

सारसोळ्याच्या खाडीत नारळाखेरीज आणखी एक श्रद्धास्थान आहे, बामणदेव. खाडीच्या अंगाला असलेल्या या देवाचा भंडारा सारसोळेकर घालतात. देव गावात आणून नव्या मंदिरात बसवणं सोपं झालं असतं, शहरात तशी उदाहरणं भरपूर आहेत. पण देव खाडीकडे राहिला की त्याच्याकडे जायची वाटही राहते. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात याहून विलक्षण प्रथा आहे. तिथला बहिरीदेव वर्षभर समुद्राच्या पाण्यात असतो. दिवाळीत गावकरी होड्या घेऊन जातात, पाण्यात उतरून त्याला बाहेर काढतात, वाजतगाजत गावात आणतात आणि पूजा-दर्शन झालं की पुन्हा पाण्यात सोडून येतात. त्या दिवसांत तिथे गर्दी उसळते. मुंबईतून लोकलने जाऊन पाहता येईल असा हा सोहळा, पण फराळ, फटाके आणि किल्ले यांच्या लेखांमधून तो बहुधा निसटतो.

देव पाण्यात, देव खाडीकडे, नारळ पाण्यात. नवी मुंबईच्या कोळीवाड्यांनी आपले देव आणि महत्त्वाच्या वस्तू पाण्याच्या बाजूला ठेवल्या आहेत, त्यामुळे कुठलीही आखणी झाली तरी पाण्याकडे जाण्याचं कारण शिल्लक राहतं. पालखी ओलांडत असताना पामबीचचा सिग्नल हिरवा असूनही वाहनं थांबतात, ही त्या कारणाची दरवर्षीची पोचपावती.

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. त्यामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जाईल. बंदी ३१ जुलैला उठलेली असेल, ससून डॉकवर बर्फाच्या गाड्या लागून चार आठवडे होत आलेले असतील. मिरवणुकीच्या वेळेची ठरवाठरवी तेव्हा सारसोळ्यात सुरू होईल. पोलीस म्हणतील लवकर आटपा, पोरं म्हणतील उशिरा निघू आणि कुणीतरी तिथीला पाऊणने गुणून ओहोटी कधी लागते ते सांगेल.